कणकुंबी ते अथणी : पाण्यामागे पाच दिवस

मी बेळगावची, शहापूरची. आमच्या घरामागं आजोबांच्या वेळचा आड आहे, लहानपणी तो आटलेला मी कधी बघितला नाही, आता मात्र मार्च उजाडला की बादली तळाला लागून खडखडते. त्यामुळं पीएचडीला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला फार शोधाशोध करावी लागली नाही. घरगुती जलसुरक्षा. म्हणजे घरात पुरेसं, पिण्यासारखं, परवडणारं पाणी आहे का आणि ते उद्याही असेल याचा भरवसा घरातल्या बाईला आहे का, हे बघायचं. भरवसा हा शब्द महत्त्वाचा, कारण धरणातलं पाणी मोजता येतं, पाऊस मोजता येतो, भरवसा कसा मोजायचा?

त्यासाठी एक प्रश्नावली आहे, 2019 साली वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी मिळून तयार केलेली. बारा प्रश्न, सगळे मागच्या चार आठवड्यांबद्दल. पाण्याची काळजी लागून राहिली का, कपडे धुवायचे राहिले का, पाण्यापायी स्वयंपाक बदलावा लागला का, हात न धुता राहावं लागलं का, तहान लागली पण पाणी नव्हतं असं झालं का, चिडचिड झाली का, तहानलेलंच झोपावं लागलं का, आणि शेवटी, पाण्यामुळं लाज वाटली का. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण 36, आणि 12 किंवा जास्त आले तर ते घर पाण्याच्या बाबतीत असुरक्षित धरायचं. आमच्या मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं, आधी हे प्रश्न आपल्या भागातल्या मराठीत आणि कन्नडमध्ये नीट बसतात का बघ, मग बाकीचं. म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी कन्नड मैत्रीण, ती गोकाककडची. सोबत टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं), क्लोरीन बघायचं पिवळं पडणारं औषध (पंचायतीतले लोक त्याला नुसतं ओटी म्हणतात), आणि एच-टू-एसच्या छोट्या बाटल्या, ज्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं झालं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी.

दिवस पहिला : बेळगाव, राकसकोप

सुरुवात आपल्याच गावापासून केली. सकाळी टिळकवाडीत काँग्रेस विहिरीवर गेलो. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात अधिवेशन भरलं, ते अध्यक्ष असलेलं एवढं एकच अधिवेशन, आणि इतक्या लोकांना पाणी कुठून द्यायचं म्हणून ही विहीर खणली, पंपा सरोवर असं तिला नाव दिलं. शंभर वर्षं होऊन गेली तरी तिला पाणी आहे. आणि नव्वदच्या दशकात टंचाई आली तेव्हा शहरातल्या जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या परत वापरात आणल्या होत्या. मला वाटतं बेळगावच्या माणसानं एकदा तरी तिथं थांबून आत डोकावून बघावं, मी बराच वेळ बघत उभी होते, खाली पाण्यावर आभाळ दिसत होतं.

दुपारी राकसकोपला. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय, 1962 पासून शहराला पाणी देतोय, पलीकडं लगेच चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलेलं, काठाच्या चिखलाला भेगा पडलेल्या, म्हशी बसलेल्या. तिथल्या वॉल्वमन काकांना विचारलं की शहराला पाणी रोज का येत नाही, तर ते म्हणाले, पाणी हाय की पोरी, पण पाइप जुना, उंचावर चढत न्हाई, एका गल्लीला सोडलं की दुसरीचं बंद करावं लागतंय.

ह्या एका वाक्यात बराच अभ्यास आहे. 2008 पासून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, बेळगावात असे दहा वॉर्ड होते. त्यामुळं एकाच शहरात एका गल्लीत सतत पाणी आणि शेजारच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी, अशी तुलना करायची संधी संशोधकांना मिळाली आणि हुबळी-धारवाडमध्ये ती करून झाली. त्यात दिसलं ते असं, की पाणी सोडून बंद, सोडून बंद केलं की रिकाम्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते, आणि नळाला येणारं पहिलं पाणी सगळ्यात वाईट असतं. दुसऱ्या बाजूनं, चोवीस तास पाणी आलं म्हणून सगळ्यांचीच हगवण कमी झाली असं काही दिसलं नाही, गरीब घरांतल्या मुलांत मात्र रक्ती हगवण कमी दिसली, आणि टायफॉइडमध्येही फरक सापडला. हे वाचल्यापासून मी आईला सांगते, पहिल्या दोन बादल्या धुण्याला घे, पिण्याचं नंतर भर. आई म्हणते, हे आम्ही आधीपासूनच करतो, पहिलं पाणी लाल येतंय दिसत नाही काय.

दिवस दुसरा : जांबोटी, कणकुंबी

सकाळची लाल बस. आम्ही दोघी कर्नाटकातल्या, त्यामुळं आधार कार्ड दाखवलं की साध्या बसला शून्य तिकीट, 2023 च्या जूनपासून हे चालू आहे आणि स्कॉलरशिप महिनोन् महिने अडकलेल्या मुलींना फील्डवर्क करता येतंय ते ह्याच्यामुळं. जांबोटीनंतर झाडी दाट होते, रस्त्याला तांबडा जांभा लागतो, आणि खिडकीतून येणारा वारा एकदम बदलतो.

कणकुंबीला माऊलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम. तिथं एक तीर्थकुंड आहे, तिथून निघालेली ही बारीकशी धार पुढं खानापूर, मग सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं धरण आणि शेवटी कुडलसंगमाला कृष्णेत. हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी जातं ते नविलुतीर्थातून. म्हणजे काल मी ज्या हुबळीतल्या अभ्यासाबद्दल लिहिलं, तिथल्या नळाचं पाणी इथल्या डोंगरावर पडलेलं. आणि ह्याच गावाच्या पलीकडचा उतार म्हादईचा, पश्चिमेला गोव्याकडं जाणारा. कळसा नाल्याचं पाणी इकडं मलप्रभेत वळवायचं की नाही ह्यावर किती वर्षं भांडण चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. 2010 साली लवाद नेमला, ऑगस्ट 2018 मध्ये निकाल आला, कर्नाटकाला 13.42 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यातलं मलप्रभेत वळवायला 3.9, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. खोदलेला कालवा बघितला, दोन्ही बाजूला कापलेली तांबडी माती आणि त्यावर उगवलेलं गवत.

आता माझं म्हणणं असं आहे की ह्या सगळ्या टीएमसीच्या हिशोबात कणकुंबीच्या आसपासच्या वाड्यांतल्या बायका कुठंच नाहीत. इथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि एप्रिलमध्ये बायका झऱ्यावर रांग लावतात. मी हे ऐकून होते पण बघितलं नव्हतं.

आम्ही उतरलो होतो माझ्या आईच्या मावसभावाच्या घरी, मुख्य रस्त्यापासून आत, वाडीवर. मामी पहाटे साडेचारला उठल्या, मी पण त्यांच्यासोबत गेले. डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी, पायवाट उतरणीची आणि दगडांवर दव. झरा म्हणजे जांभ्याच्या कड्याखाली एक खोबण, त्यात वाटीनं पाणी भरायचं. वाटी बुडवायची, हंड्यात ओतायची, परत खोबणीत पाणी साठेपर्यंत थांबायचं. मी घड्याळ लावून बसले होते, एक हंडा भरायला अकरा मिनिटं लागली, आणि आमच्या आधी तीन बायका होत्या. कोणी काही बोलत नव्हतं, नुसता वाटीचा आवाज. पाणी आणायला जाऊन-येऊन, रांगेसकट, तीस मिनिटांच्या वर लागली तर त्याला जगभर किमान सोयसुद्धा मानत नाहीत. मामींना त्या दिवशी एक तास वीस मिनिटं लागली, आणि ती पहिली खेप होती.

हे होतं कसं? जांभा हा छिद्रांचा दगड, स्पंजासारखा. पाऊस पडला की पितो, पण धरून ठेवत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत झऱ्यांवाटे सोडून देतो आणि फेब्रुवारीनंतर खालचा थेंब थेंब तेवढा राहतो. बोअर मारली तरी लागेलच असं नाही. नळ आहे, टाकी आहे, उन्हाळ्यात टाकीला खालून पाणी नाही.

दुपारी भाकरी आणि फणसाची भाजी खाऊन मी प्रश्न काढले. मामी, त्यांची जाऊ आणि शेजारच्या एक आज्जी. आज्जींनी पहिल्यांदा विचारलं, "लिहून काय घेऊलीस गे पोरी? आमाला उठवूलेत काय?" भीमगड अभयारण्य 2011 साली झालं तेव्हापासून कोणी वही घेऊन आलं की इथल्या लोकांना हीच भीती. मी सगळं समजावलं, नाव लिहिणार नाही, नको वाटलं तर मध्येच थांबवा म्हटलं, मग त्या बोलल्या.

अकरा प्रश्न ठीक झाले. बारावा आला, पाण्यामुळं कधी लाज वाटली काय. तिघींनी एकदम मान हलवली, नाही. लाज कशाला वाटायची, आम्ही काय चोरी केली काय. मी शून्य लिहिलं. आणि मग चहा ठेवताना मामी सहज म्हणाल्या, धाकटीला बघायला पाहुणे येणार होते फेब्रुवारीत, आम्हीच पुढं ढकललं, सात-आठ माणसं म्हणजे हातपाय धुवायला पाणी, जेवणाला पाणी, संडासला पाणी, कुठून आणायचं, कमीपणा वाटतो. कमीपणा! मी वही परत उघडली. प्रश्न बदलून विचारला, पाहुणे-रावळे येणार म्हणून कधी कमीपणा वाटला काय, तर आज्जी पंधरा मिनिटं बोलत होत्या, लेकीच्या बाळंतपणाला तिला माहेरी आणता आलं नाही ते सांगताना त्यांनी पदर डोळ्याला लावला. इंग्रजीतून आलेला शब्द शब्दकोशात बघून लाज असा लिहिला असता तर ह्या वाडीतल्या सगळ्या घरांना त्या प्रश्नाला शून्य मिळालं असतं आणि कागदावर सगळं छान दिसलं असतं. ही गोष्ट मी आयुष्यभर विसरणार नाही.

रात्री मामांबरोबर ओट्यावर बसून एक हिशोब केला, तो इथं देतेच कारण कोणालाही करता येतो. छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. मामांचं कौलारू छप्पर अंदाजे 50 चौरस मीटर धरलं, पाऊस 3,500 मिलिमीटर, म्हणजे वर्षाला 1,75,000 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला म्हणून सोडून दिला तरी 1,40,000. सरकारच्या नळयोजनेत माणशी रोजचे 55 लिटर धरलेत, पाच माणसांना वर्षाला एक लाख लिटर लागतात. म्हणजे ह्या घराला वर्षभर पुरून उरेल एवढं पाणी पागोळ्यांनी अंगणात पडतं आणि उतारानं निघून जातं. सगळं साठवायला मोठा हौद लागेल, ते परवडणार नाही, पण नुसतं पिण्या-स्वयंपाकाचं बघितलं तर माणशी आठ लिटर, पाच माणसांचे 40, फेब्रुवारी ते मे 120 दिवस, 4,800 लिटर. पाच हजारांची एक टाकी. मामा गप्प बसून ऐकत होते, मग म्हणाले, पावसाळ्यात इथं पाणी साठवायचं म्हटलं तर लोक वेडा म्हणतील.

दिवस तिसरा : हिडकल, गोकाक

ह्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, दोन बस बदलण्यातच वेळ गेला. हिडकल धरण घटप्रभेवरचं, क्षमता 51 टीएमसी, बेळगावला इथून पण पाणी येतं. पाणी खाली गेलं की बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, आम्हाला लांबून कळस दिसला. काठावर बसून मैत्रिणीनं कॅल्क्युलेटर काढला. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. 2011 च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या 4.88 लाख, माणशी 135 लिटर ह्या शहरी मापानं वर्षाला 2,405 कोटी लिटर. एक टीएमसी पण लागत नाही! वस्ती वाढली, गळती धरली तरी दीड-दोन म्हणूया. मग आमच्या गल्लीला पाच दिवसांनी पाणी येतं त्याचं कारण धरणात शोधून उपयोग काय, ते राकसकोपच्या काकांनी सांगितलंच होतं.

संध्याकाळी गोकाकचा धबधबा. 52 मीटरचा कडा, पावसाळ्यात गर्जना करणारा, आता त्या दगडावरून एक ओली रेघ खाली येत होती. इथं 1887 सालीच नदीच्या पाण्याच्या जोरावर गिरणी चालवली होती. मैत्रिणीच्या मावशीकडं राहिलो, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी, आणि तिनं कन्नडमध्ये तेच बारा प्रश्न विचारले. कन्नडमध्येसुद्धा लाज ह्या शब्दाला मावशीनं नाहीच म्हटलं आणि पाहुण्यांचं विचारल्यावर हसून होय म्हणाली. भाषा दोन, गोष्ट एकच.

दिवस चौथा : निपाणी, चिकोडी, यडूर

इथं बोली बदलते, कोल्हापूरकडची होते, माणसं हाक मारून घरात बोलावतात. सगळीकडं ऊस. दूधगंगा, वेदगंगा, आणि मग कृष्णा. कल्लोळ-यडूरच्या बंधाऱ्यावर दुपारी पोचलो. कृष्णेत पाणी होतं, हिरवट, थांबलेलं, बंधाऱ्याच्या दगडांना शेवाळ. उन्हाळा वाढला की खालच्या गावांना पाणी कमी पडतं आणि मग महाराष्ट्रानं कोयनेतून सोडावं म्हणून दरवर्षी मागणी. बदल्यात कर्नाटकानं तुबची-बबलेश्वर उपसा योजनेतून सांगली जिल्ह्यातल्या जतला पाणी द्यावं ही बोलणी बरीच वर्षं चालू आहेत. नकाशावर बघितलं तर किती सोपं वाटतं ते, दोन्हीकडं तहानलेली गावं आणि दोन्हीकडं हाताशी असलेलं दुसऱ्याचं पाणी.

नदीकाठच्या एका घरात भिंतीवर दोन रेघा होत्या, खालची 2021 ची, वरची 2019 ची. वरची माझ्या डोक्याच्या वर हातभर. त्या घरातल्या तात्यांना मी विचारलं, तुम्हाला तर पाणी भरपूर, तुमचे मार्क शून्य येणार, तर ते म्हणाले, "व्हय की, पण पूर आला तवा आठ दिस प्यायला थेंब न्हवता बघा. जिकडंतिकडं पाणी आन् प्यायला टँकरची वाट बघालोय." विहिरीत पुराचं पाणी, बोअर बुडालेली, मोटार जळालेली, नळयोजनेचं पंपघर पाण्याखाली. मी मागचे चार आठवडे विचारत होते, आणि ह्या घराला भीती होती ती जुलै-ऑगस्टची. एप्रिलमध्ये विचारलं तर हे घर सुरक्षित, ऑगस्टमध्ये विचारलं तर नाही. म्हणजे वर्षातून किमान दोनदा यायला पाहिजे, हे मॅडमना त्याच रात्री फोन करून सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, ये मग.

दुसरी गोष्ट जमिनीची. उसाला वर्षानुवर्षं पाट सोडून पाणी दिल्यानं काही रानं पांढरी पडलीत. तात्यांनी स्वतःचं दाखवलं, अर्ध्या एकरावर मिठाचा थर बसल्यासारखं, बोटानं उचलून जिभेला लावून बघा म्हणाले, लावलं, खारट-कडू. खाली काळ्या मातीत पाणी मुरायला वाट नाही, पाण्याची पातळी वर येते, ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. पलीकडं शिरोळ भागात जमिनीखाली छिद्रांचे पाइप घालून निचरा काढतात आणि अशी रानं परत पिकाखाली आणलीत, पण खर्च मोठा आणि एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्यानं पण केलं पाहिजे, शेवटी पाणी सोडायला नाला पाहिजे. कणकुंबीत पाणी धरून ठेवता येत नाही म्हणून हाल आणि इथं सोडून देता येत नाही म्हणून. एकाच जिल्ह्यात, बसनं चार-पाच तासांवर.

ह्या दिवशी एक चूक झाली ती पण सांगते. बाटल्यांवर स्केचपेननं नंबर घातले होते, बर्फाच्या डब्यात पाणी लागून दोन नंबर पुसले गेले. कुठलं पाणी कुठलं ते ओळखता येईना, दोन्ही टाकून दिल्या. अंदाजानं लिहायचा मोह झाला होता, खरंच झाला होता, पण ज्या बाईनं तिच्या हंड्यातलं पाणी विश्वासानं दिलं तिच्या नावावर चुकीचं काळं-पांढरं कसं लिहायचं. आता चिकटपट्टी लावून बॉलपेननं लिहिते.

दिवस पाचवा : अथणी

अथणीच्या पूर्वेला जतच्या अंगानं गेलो तसं झाडं कमी होत गेली. इथं पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, कणकुंबीच्या सहाव्या हिश्शाएवढा. तालुक्याच्या एका बाजूनं कृष्णा जाते, आणि ह्या बाजूला बोअरवर बोअर. ज्या गावात गेलो तिथं मराठी-कन्नड दोन्ही एकाच वाक्यात बोलतात, मला फार आवडलं ते, दोन्ही भाषेत प्रश्न तपासायला याहून चांगली जागा नाही.

एका आक्कांच्या घरी बोअरचं पाणी मीटरला लावलं, आकडा 1,700 च्या पुढं गेला. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत चांगलं मानतात, दुसरी सोय नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. आक्का म्हणाल्या, "डाळ शिजत न्हाई ह्या पाण्यात, गॅस जळतोय नुसता." म्हणून पिण्याला आणि डाळीला फिल्टरचं पाणी, नाणं टाकलं की वीस लिटरचा कॅन भरतो ते. गावातलं ते मशीन दोन महिने बंद होतं, दुरुस्तीला माणूस येतो म्हणून सांगतात आणि येत नाही, त्यामुळं पाच-सहा किलोमीटरवरून मुलगा गाडीवर दोन कॅन लावून आणतो. पेट्रोल धरलं तर ते पाणी केवढ्याला पडलं ते आक्कांनी स्वतःच बोटं मोजून सांगितलं. मशीनच्या दाराला पाणी तपासल्याचा एक कागद चिकटवलेला होता, नुसते इंग्रजी आकडे. नायट्रेट, फ्लोराइड. आक्कांनी विचारलं ह्यात काय लिहिलंय, एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नाही. मी भिंतीपाशी उभी राहून एकेक ओळ मराठीत सांगितली, मैत्रिणीनं कन्नडमध्ये, नायट्रेट 45 च्या वर असलं तर तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी घालू नका, फ्लोराइड दीडच्या वर असलं तर लेकरांच्या दातांवर डाग पडतात, आणि हे दोन्ही पाणी उकळून जात नाहीत. हे शेवटचं तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं उकळलं की झालं. बघता बघता वीसेक बाया जमल्या, पोरं जमली, आणि आमचा सर्व्हे बाजूला राहून तासभर तेच चाललं. मला वाटतं पाच दिवसांत आम्ही सगळ्यात उपयोगाचं काम केलं ते ह्या तासात.

बारावा प्रश्न इथं मी आधीच बदलून विचारला. आक्का म्हणाल्या, सून पहिल्यांदा आली तेव्हा तिला न्हायला दिलेलं पाणी मोजून दिलं, ते तिच्या माहेरी कळलं. एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. मी तीनचा आकडा लिहिला नाही लगेच, त्या बाहेर आल्यावर परत विचारून, किती वेळा असं झालं ते विचारूनच लिहिलं.

आणि छपराचा हिशोब इथं पण केला. 50 चौरस मीटर, 550 मिलिमीटर, पाचवा हिस्सा सोडून 22,000 लिटर. सगळ्या गरजेला 80 दिवस पुरेल, पण नुसत्या पिण्या-स्वयंपाकाला, रोज 40 लिटरनं, दीड वर्ष. अथणीत! आणि पावसाच्या पाण्यात हे क्षार नाहीत, डाळ शिजेल. आक्कांचं घर स्लॅबचं होतं, मुलानं लगेच गच्चीवर जाऊन उतार कुठल्या बाजूला आहे ते बघितलं. पहिला पाऊस वाहू द्यायचा, गच्ची झाडून घ्यायची, टाकीला झाकण आणि जाळी पाहिजे नाहीतर डास होतील, हे सगळं त्याला लिहून दिलं.

रात्रीच्या बसनं बेळगाव. अथणीतून मैत्रिणीनं आईला चपला घेतल्या, मी काहीच घेतलं नाही, बाटल्यांचा डबा मांडीवर धरून बसले होते.

नंतर

अठ्ठेचाळीस तास झाल्यावर बाटल्या ओळीनं खिडकीत मांडल्या. कणकुंबीच्या झऱ्यावरची बाटली तशीच, स्वच्छ. त्याच झऱ्याचं पाणी, पण मामींच्या घरच्या हंड्यातून घेतलेलं, ते काळं, शाईसारखं. मला हे बघून वाईट वाटलं आणि कारण लगेच डोळ्यासमोर आलं, ती वाटी, जी हातानं बुडवायची, सगळ्यांची एकच, आणि घरी आल्यावर हंड्यात बुडवायचा तो तांब्या. पहाटे साडेचारला उठून, दवावरून पाय घसरत आणलेलं पाणी, आणि ते घरी येता येता खराब झालं. नुसतं झऱ्याचं पाणी तपासून कोणी परत गेलं असतं तर ह्या वाडीचं पाणी उत्तम असंच लिहिलं असतं.

मामींना फोन केला. कसं सांगायचं म्हणून आधी घुटमळले, मग सरळ सांगितलं. त्यांना राग नाही आला. दांड्याचं वगराळं घेते म्हणाल्या, पाण्यात हात जायला नको ते, आणि हंड्यावर झाकण. मग थोडं थांबून म्हणाल्या, तुझे मामा खानापूरला गेलेत, पन्हळीला पाइप उभा कापून मिळतो काय बघतो म्हणाले. टाकी पाच हजाराची म्हणालीस ना? रंग काळा घ्यायचा की पांढरा?

मी सांगितलं, काळी. उजेड आत गेला नाही की शेवाळ धरत नाही.